कबड्डीची पकड आणि आखाड्याची माती

कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ आहे, असे आपण नेहमी म्हणतो. क्रीडामहोत्सवाच्या उद्घाटनास आलेले पाहुणे हे वाक्य आवर्जून उच्चारतात, आपणही ते निबंधांत लिहितो, आणि ते खरेही आहे. परंतु त्यातील 'माती' या शब्दाचा आपण फारसा विचार करीत नाही. हा खेळ हुतूतू या नावाने गावोगाव खेळला जात असे, त्या काळी अनेक खेळाडूंच्या अंगाला दोन ठिकाणची माती लागत असे. पहाटे आखाड्याची आणि सायंकाळी मैदानाची. आज मैदानाची माती शिल्लक आहे. आखाड्याची माती मात्र कबड्डी खेळणाऱ्या मुलांच्या अंगाला क्वचितच लागते. या फारकतीमुळे आपल्या खेळाचे कोणते नुकसान होत आहे, आणि ते भरून काढण्यासाठी आपल्या पांढुर्णा-सौसर भागातील शाळांना काय करता येईल, याविषयीचे आमचे मत आम्ही येथे मांडीत आहोत.

ते मत थोडक्यात असे आहे. प्रत्येक शाळेने आपल्या कबड्डीच्या मुलामुलींस आठवड्यातून निदान दोन दिवस कुस्तीचे आणि एक दिवस मल्लखांबाचे पद्धतशीर शिक्षण द्यावे. त्यांना पैलवान करण्याचा हेतू यामागे नाही. त्यांची पकड सुधारावी, चढाईत त्यांचे पाय व हात जाणतेपणाने चालावेत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पडण्याची वेळ आली असता त्यांनी अंग मोडून न घेता पडावे, एवढाच हेतू आहे.

कबड्डीचे स्वरूप प्रथम लक्षात घेऊ. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. चढाईचा गडी मध्यरेषा ओलांडून एकटा प्रतिपक्षाच्या प्रांगणात शिरतो; त्यास ३० सेकंदांचा अवधी असतो आणि तेवढा वेळ त्याच्या मुखी 'कबड्डी, कबड्डी' हा अखंड उच्चार असावा लागतो. समोर सात गडी उभे असतात. या तीस सेकंदांपैकी बहुतेक काळ हुलकावण्यांत जातो. खरा निकाल लागतो तो एखाद-दुसऱ्या क्षणात. एक गडी पाय धरतो, दुसरा कंबर धरतो, आणि धरलेला गडी मध्यरेषेकडे झेपावतो. त्याचे बोट जरी त्या रेषेस टेकले, तरी तो सुटला आणि धरणारे बाद झाले. म्हणजे ज्या क्षणावर सारा खेळ अवलंबून असतो, तो क्षण म्हणजे एक छोटीशी कुस्तीच होय. आणि गंमत अशी की आपण मुलांकडून बाकी सर्व गोष्टींचा सराव करून घेतो, पण ही क्षणभराची कुस्ती त्यांना कोणी शिकवीत नाही. ती त्यांना आपोआप येईल, असे आपण गृहीत धरतो.

ती आपोआप येत नाही. कोणताही शालेय सामना बारकाईने पाहावा. पकडीस जाणारा मुलगा गुडघ्यांत न वाकता कमरेतून वाकतो. मान खाली घालतो, आणि पुष्कळदा डोळेही मिटून घेतो. अशा स्थितीत त्याचे डोके चढाईच्या गड्याच्या गुडघ्याच्या नेमके समोर येते. मग एक तर पाय हातातून निसटतो, नाही तर गुडघा तोंडावर बसतो. दुसरा एखादा नुसत्या बोटांनी पाय धरू पाहतो आणि बोटे मुरगाळून घेतो. पडताना मुले हात ताठ करून जमिनीवर टेकतात, आणि साऱ्या देहाचा भार त्या एका मनगटावर येतो. आपल्या भागातील काळी जमीन पावसाळ्यानंतर वाळली म्हणजे दगडासारखी कठीण होते, हे शेतकऱ्यांच्या मुलांस आम्ही सांगावयास नको. अशा जमिनीवर पडण्याचे शिक्षण न देता मुलांस उतरविणे, हे पोहणे न शिकविता त्यांस विहिरीत सोडण्यासारखेच आहे.

आता आखाड्यात काय शिकवितात ते पाहू. पहिला धडा पवित्र्याचा. एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, पाठ सरळ, मान वर आणि नजर समोरच्याच्या छातीवर अथवा कमरेवर. अशा रीतीने उभ्या राहणाऱ्याच्या देहाचा भार खाली राहतो आणि त्यास कोणत्याही बाजूस चटकन सरकता येते. नजर कमरेवर ठेवण्याचे कारणही ध्यानात घेण्याजोगे आहे. हात, खांदे आणि डोळे हुलकावणी देऊ शकतात. कंबर ज्या दिशेस वळते तिकडेच माणूस जातो. कबड्डीच्या कोपऱ्यातील गड्यास याहून उपयुक्त शिकवण दुसरी नाही.

दुसरा धडा पट काढण्याचा. प्रतिस्पर्ध्याच्या पायांत शिरून एक अथवा दोन्ही पाय उचलणे, याला कुस्तीत पट काढणे म्हणतात. कबड्डीतील घोट्याची पकड आणि मांडीची पकड या पटाच्याच सख्ख्या बहिणी आहेत. वस्ताद मुलाला सांगतो की आधी पाय पुढे गेला पाहिजे, मग हात. डोके समोर न येता बाजूस राहिले पाहिजे. गाल किंवा खांदा प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला चिकटला पाहिजे. आणि बोटांच्या चिमटीत न धरता कोपरापर्यंतचा सारा हात आवळला पाहिजे. या चार गोष्टी महिनाभर घोटून घेतल्या, तर आमच्या मते अर्ध्याहून अधिक पकडी केवळ त्यामुळे सुधारतील आणि तोंडावर बसणारे गुडघेही पुष्कळ कमी होतील.

तिसरा धडा खडाखडीचा आणि तो चढाईच्या गड्यासाठी आहे. सलामी झडल्यावर दोन पैलवान एकमेकांची मनगटे, कोपरे, मान धरू पाहतात आणि धरलेला हात झटकून सोडवितात. पाहणाऱ्यास हा वेळकाढूपणा वाटतो. प्रत्यक्षात ते हातांचे संभाषण असते. समोरच्याचा जोर कोणत्या दिशेने येत आहे, हे पैलवानास डोळ्यांपूर्वी हातांना कळते. मनगट धरले गेले असता अंगठ्याच्या बाजूने हात फिरवून सोडविणे, हे खडाखडीत शिकलेल्या मुलास सांगावे लागत नाही. तसेच बगलडूब या डावात पैलवान प्रतिस्पर्ध्याच्या हाताखालून बुडी मारून मागे निघतो. साखळी करून उभ्या असलेल्या दोन गड्यांच्या हातांखालून निसटणारा चढाईपटू जी डुबकी मारतो, ती याहून फारशी निराळी नाही.

चौथा धडा पडण्याचा. आखाड्याचा हौदा कुदळ-फावड्याने खणून, माती भुसभुशीत करून, तीत तेल, ताक, हळद यांसारखे पदार्थ मिसळून तयार करतात. अशा मातीवर पडताना भीती वाटत नाही, आणि भीती नसली म्हणजेच शिकता येते. हनुवटी छातीशी, पाठ कमानीसारखी गोल, हात अंगाशी आणि भार एका सांध्यावर न येता खांद्यावरून पाठीकडे गडगडत जाईल असे पडणे, हे शंभर वेळा केले म्हणजे शरीर ते लक्षात ठेवते. सामन्यात विचार करण्यास वेळ नसतो. तेथे शरीराची स्मरणशक्तीच कामास येते. शिवाय हौदा खणणे हाही मोठा व्यायाम आहे. वाकून फावडे ओढताना कंबर, मांड्या आणि पंजे यांना जे बळ येते, तेच बळ पुढे धावत्या गड्यास थोपविते.

मल्लखांबाचे महत्त्वही येथेच सांगितले पाहिजे. या विद्येचा इतिहास आमच्या म्हणण्यास मोठा आधार देतो. खांबावरील व्यायामाचा उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात येतो. पुढे पेशवाईच्या उत्तरकाळात, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर यांनी ही विद्या पुन्हा नावारूपास आणली. निजामाच्या राज्यातून आलेल्या पैलवानांचे आव्हान स्वीकारण्यासाठी त्यांनी हा अभ्यास केला, अशी कथा परंपरेने सांगतात. नावातच तिचे प्रयोजन आहे. मल्लाचा खांब तो मल्लखांब. म्हणजे एका विद्येत निपुण होण्यासाठी दुसरी विद्या साधन म्हणून वापरावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. एरंडेल लावलेल्या निसरड्या लाकडी खांबास पायांनी अढी घालून लटकणाऱ्या मुलाच्या मांड्या, पोटऱ्या, पंजे आणि पोट यांना एकाच वेळी काम पडते. घामाने ओलेचिंब झालेला पाय हातातून निसटू न देण्याची कला त्याहून चांगल्या रीतीने कोठे शिकता येईल? आपल्या मध्यप्रदेश शासनाने २०१३ साली मल्लखांबास राज्याचा खेळ म्हणून घोषित केले आहे. तो मान कागदावर राहू न देणे आपल्या हाती आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली नाही, तर आमचे म्हणणे एकांगी होईल. कुस्तीतील सर्वच काही कबड्डीत चालत नाही. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीत करावयाचे असते. तो कोणत्या दिशेस पडला याला महत्त्व नसते. कबड्डीत मात्र दिशा हेच सर्वस्व आहे. धरलेल्या गड्यास मध्यरेषेकडे पाडले, तर त्याची सारी उंची आणि पसरलेला हात त्याच्याच उपयोगी पडतो आणि तो पडल्यापडल्या रेषा गाठतो. म्हणून त्यास मागे खेचणे, उचलून धरणे किंवा बाजूस रेटणे आवश्यक असते. दुसरे असे की पायांची कैची घालून गड्यास अडकविणे, त्याचे तोंड दाबणे, गळा आवळणे अथवा इजा होईल असा आडदांडपणा करणे, हे कबड्डीच्या नियमांत बसत नाही. मल्लखांबावरील अढीने मांड्यांत बळ येते, ते उभे राहण्यासाठी आणि रेटण्यासाठी वापरावे. मैदानात तीच अढी प्रतिपक्षाच्या अंगाला घालू नये. तिसरे असे की पैलवानासमोर एकच माणूस असतो. पकडीच्या गड्यास आपल्या सहा सोबत्यांचे भान ठेवावे लागते. त्याने एकट्याने कुस्ती मारावयाची नसते. साखळी येऊन पोचेपर्यंत, म्हणजे दोन-तीन सेकंद, गडी रोखून धरावयाचा असतो. तेव्हा आखाड्यातून काय घ्यावे आणि काय तेथेच ठेवावे, हा विवेक शिक्षकाने आरंभापासून शिकविला पाहिजे.

हा विचार इतर देशांतही निरनिराळ्या खेळांत करण्यात आला आहे. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ खेळतात, तो आपल्या फुटबॉलसारखा नाही. त्यात चेंडू हातात घेऊन धावणाऱ्यास प्रतिपक्षाने अंगावर जाऊन जमिनीवर पाडावयाचे असते. म्हणजे पकड हा त्याचाही प्राण आहे. डॅलस शहरातील 'काउबॉईज' या प्रख्यात संघाचे व्यायामशिक्षक बॉब वॉर्ड यांनी फिलिपीन युद्धकलेचे जाणकार डॅन इनोसँतो यांस आपल्या खेळाडूंना शिकविण्यासाठी बोलाविले होते. रँडी व्हाइट हा नामांकित बचावपटू त्यांच्यापाशी हातांची कामगिरी शिकला. प्रतिपक्षाचे हात अंगाला चिकटण्यापूर्वीच ते कसे झटकावेत, ही ती विद्या. आपल्याकडील खडाखडीशी तिचे नाते उघड आहे. दुसरे उदाहरण स्टीफन नील याचे. हा १९९९ साली कुस्तीचा जागतिक विजेता होता. महाविद्यालयात तो फुटबॉल खेळलाच नव्हता. तरीही पुढे तो न्यू इंग्लंडच्या 'पेट्रियट्स' या संघात वर्षानुवर्षे खेळला आणि त्या संघाच्या तीन राष्ट्रीय विजेतेपदांचा भागीदार झाला. मात्र आरंभी त्यास संघातून वगळण्यात आले होते, हेही सांगितले पाहिजे. कुस्तीने त्याला देहाचा तोल आणि बळ दिले. नवा खेळ मात्र त्याला नव्याने शिकावा लागला. आमच्या वरील सूचनेस याहून चांगला दाखला नाही.

कबड्डीतला दाखला तर याहून बोलका आणि आपल्याला झोंबणारा आहे. १९९० साली बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला. तेव्हापासून २०१४ पर्यंतच्या सातही स्पर्धांत पुरुषांचे सुवर्णपदक भारताने जिंकले. २०१८ मध्ये जकार्ता येथे मात्र उपांत्य सामन्यात इराणने आपल्या पुरुष संघाला १८ विरुद्ध २७ असे हरविले, आणि अंतिम सामन्यात इराणच्या महिलांनी आपल्या महिला संघाला २४ विरुद्ध २७ असे हरविले. इराण ही कुस्तीची भूमी आहे. तेथील 'झुरखाना' म्हणजे आपल्या तालमीचाच भाऊबंद. पैलवान, कुस्ती, उस्ताद हे शब्द आपल्याकडे फारसीतूनच आले. इराणचा विख्यात पकडपटू फझल अत्राचली, ज्याला मुंबईच्या 'यू मुंबा' संघाचा कर्णधार म्हणून आपण दूरदर्शन संचावर पाहिले, तो कबड्डीत येण्यापूर्वी कुस्ती करीत असे. कोपऱ्यात दबा धरून बसण्याची त्याची रीत आणि घोट्यावर पडणारी त्याची घट्ट मिठी पाहिली म्हणजे तिच्यामागे कुस्तीचा हात असल्याचे लगेच जाणवते. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे अंतिम सामन्यात इराणला ३३ विरुद्ध २९ असे हरवून भारतीय पुरुषांनी सुवर्णपदक परत आणले, आणि महिलांनीही सुवर्णपदक मिळविले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्यांच्याशी चार गुणांच्या फरकाने झुंजावे लागले, त्यांच्यापासून शिकण्यात कमीपणा नाही; विशेषतः ते ज्या विद्येच्या जोरावर पुढे आले, ती विद्या आपल्याही घरची असताना.

घरची म्हणण्याचे कारण दूर शोधावयास नको. आपल्या शेजारच्या अमरावतीत १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. या संस्थेने कुस्ती, मल्लखांब, लेझीम, लाठी आणि मैदानी खेळ यांना एकाच छपराखाली नांदविले. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या, तेव्हा याच मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची आणि त्यांत कबड्डीचीही प्रात्यक्षिके करून दाखविली. ज्या पथकाने कबड्डी जगास दाखविली, ते व्यायामाच्या सर्व अंगांत तयार झालेल्या तरुणांचे होते, ही गोष्ट आमच्या मते विसरता कामा नये. अमरावतीकरांनी जे एकत्र ठेविले, ते आपण वेगळे का करावे?

आता आम्हांस आपल्या गावाविषयी थोडे मोकळेपणाने बोलावयाचे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा उभारतात. दोन्ही तीरांवरून दगड सुटतात. आणि त्या वर्षावातून पुढे जाऊन तो झेंडा काढणारा वीर ठरतो. या प्रथेमागील श्रद्धेविषयी निर्णय देण्याचा अधिकार आम्ही स्वतःकडे घेत नाही. परंतु दर वर्षी शेकडो लोक जखमी होतात आणि आजवर काहींनी प्राणही गमावले आहेत, हे कोणीही नाकारीत नाही. त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. या भूमीतल्या तरुणांत धैर्याची उणीव नाही. रेषा ओलांडून एकट्याने प्रतिपक्षाकडे जाणे आणि हवे ते घेऊन परतणे, हीच चढाई. आणि ती आपल्या रक्तात आहे. उणीव आहे ती या धैर्याला शिक्षण देणाऱ्या शाळेची. नदीच्या पात्रात दगड कोठून येईल हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून तेथे कौशल्याला फारसा वाव उरत नाही. मैदानात मात्र समोरच्याचा पाय, हात, कंबर दिसत असते. तेथे शिकलेला माणूस न शिकलेल्यापेक्षा सरस ठरतो आणि दोघेही आपापल्या पायांनी घरी जातात. ज्या घरांनी या दिवशी आपले माणूस जखमी होऊन परत आलेले पाहिले आहे, त्यांस आमचे म्हणणे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

आमच्या सूचनेवर काही आक्षेप येतील, त्यांचाही विचार करू. पहिला आक्षेप असा की आता मोठे सामने गादीवर होतात, मग मातीत कशासाठी शिकावे? याचे उत्तर कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी देऊन ठेवले आहे. मातीत वाढलेल्या या पैलवानास १९४८ साली लंडन येथे गादीवरच्या कुस्तीचा खरा परिचय झाला. तरी तेथे ते सहावे आले. गादीचा अभ्यास करून १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक. मातीत पाया घातलेला माणूस गादीवर उभा राहू शकतो. आपल्या खेड्यापाड्यांतील शाळांस गादी परवडत नाही, माती मात्र सर्वत्र आहे.

दुसरा आक्षेप अंग जड होण्याचा. पैलवानांचा खुराक आणि त्यांच्या देहाचा विस्तार पाहून ही शंका येते. परंतु आठवड्यातून तीन दिवस तासभर मेहनत करणाऱ्या शाळकरी मुलाचे अंग जड होत नसते. जोर, बैठका आणि मल्लखांब यांनी ते हलकेच होते. तिसरा आक्षेप दुखापतीचा. तो आम्ही सर्वांत गंभीर मानतो आणि म्हणूनच काही बंधने सुचवितो. पहिला महिनाभर एकही डाव शिकवू नये. केवळ पवित्रा, पडणे आणि जोर-बैठका असाव्यात. जोड्या वजनाने आणि वयाने सारख्या लावाव्यात. मानेवर भार देणारे प्रकार जाणत्या शिक्षकासमोरच आणि हळूहळू व्हावेत. उचलून आपटण्याचे डाव कबड्डीच्या मुलांस शिकविण्याचे मुळीच कारण नाही. नखे कापलेली असावीत, हौदा स्वच्छ असावा आणि मेहनतीनंतर स्नान झालेच पाहिजे. नाहीतर त्वचेचे विकार एकाचे दुसऱ्याला होतात.

चौथा प्रश्न मुलींचा. काही घरांतून अद्यापही भुवया उंचावतील. परंतु २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिकने कुस्तीत कांस्यपदक मिळविल्यानंतर हा प्रश्न उरावयास नको होता. मुलींसाठी वेगळी वेळ आणि शिक्षिकेची उपस्थिती असली, तर कुस्तीचे प्राथमिक धडे त्यांनीही घ्यावेत. दोरीचा मल्लखांब तर मुली मोठ्या डौलाने करतात. स्वतःचे मनगट सोडवून घेता येणे ही विद्या मैदानाबाहेरही मुलीच्या उपयोगी पडते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

शेवटचा प्रश्न खर्चाचा आणि शिक्षकाचा. हौद्यासाठी जागा आणि माती लागते. ती खणण्यास विद्यार्थ्यांचे हात आहेत. एक चांगला सागवानी खांब आणि एक दोरी, एवढे साहित्य एखादी शाळा किंवा दोन शाळा मिळून सहज करू शकतील. शिक्षकाविषयी म्हणाल, तर आपल्या गावागावांतून नागपंचमीला आखाड्याची पूजा करणारी आणि तरुणपणी दंगलीत उतरलेली वडीलधारी मंडळी अजून आहेत. त्यांच्या हातात जे आहे ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी त्यांना आदराने बोलावून घ्यावे. नियम आणि सुरक्षितता क्रीडाशिक्षकांनी पाहावी, डाव वस्तादांनी दाखवावेत. ही मंडळी आहेत तोवरच हे साधेल, म्हणून विलंब करणे योग्य नव्हे.

२०२३ साली पांढुर्णा हा सौसरसह स्वतंत्र जिल्हा झाला आहे. नव्या जिल्ह्याला आपल्या क्रीडापरंपरेची घडी नव्याने बसविण्याची संधी असते. सौसरजवळ जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीच्या दर्शनास आपण सारेच जातो. मारुती ही आखाड्याची देवता. तिच्यापुढे नारळ वाढविल्यानंतर मातीत उतरण्याची रीत आपल्या वाडवडिलांनी घालून दिली होती. विद्यार्थी मित्रांनो, येत्या हंगामात कबड्डीच्या मैदानाच्या एका कडेला, शिक्षकांची अनुमती घेऊन, दहा हात लांब आणि दहा हात रुंद जागा खणावयास घ्या. दगड-गोटे वेचून बाजूला टाका आणि माती मऊ करा. पालकांनीही त्या हौद्याकडे एकदा येऊन पाहावे, शंका असतील त्या विचाराव्यात, आणि मग आपल्या मुलामुलींस तेथे निःशंक मनाने पाठवावे, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.